इसाराच्या आधी झाडं मोजा

बारामती-इंदापूरकडं जमिनीचा सौदा जुळत आला, की एजंट हमखास म्हणतो, "तेवढं रान मोकळं करून द्या." मोकळं म्हणजे बांधावरची, विहिरीवरची झाडं काढून. मग लाकडाचा व्यापारी येतो. बांधानं एक चक्कर मारतो, दोन-चार बुंध्यांवर थाप टाकतो आणि सगळ्या झाडांचा मिळून एक उक्ता आकडा सांगतो. मालकाच्या डोक्यात जमिनीचा हिशेब चाललेला असतो. झाडांचे पैसे त्याला वरकमाई वाटतात. तो मान हलवतो आणि आज्यानं लावलेली, बापानं राखलेली झाडं आठवड्याभरात ट्रॅक्टरवर चढतात.

जमीन विकावी की नाही, हे मी कुणाला सांगत नाही. कर्ज असतं, आजारपण असतं, वाटण्या झालेल्या असतात, पोरं पुण्यात स्थिरावलेली असतात. पण झाडांचं काय करू, असं कुणी विचारलं तर माझं सांगणं ठाम असतं. इसार घेण्याआधी झाडं मोजा. कोणतं तोडायचं आणि कोणतं ठेवायचं हे तुम्ही ठरवा, एजंटानं नव्हे. आणि जी ठेवाल त्यांची किंमत वेगळी धरून खरेदीखतात लिहा.

तोडण्यासाठीच लावलेलं झाड तोडायला माझी हरकत नाही. नीरा डाव्या कालव्याच्या भिजीत अनेकांच्या बांधांवर साग आहे. नव्वदीच्या दशकात सागवानाच्या गुंतवणूक योजनांचं पेव फुटलं होतं. त्यात देशभर लोकांचे पैसे अडकले आणि १९९९ साली सेबीला सामूहिक गुंतवणूक योजनांसाठी नियम आणावे लागले. ज्यांनी कुणाच्या योजनेत पैसे न घालता आपल्याच बांधावर तेव्हा रोपं लावली, त्यांचा साग आज तिशीच्या आसपास आहे. असा साग उक्ता देणं म्हणजे मोठं नुकसान. निदान टेप घेऊन व्यापाऱ्याबरोबर फिरा.

सागाच्या ओंडक्याचं माप साधं आहे. मध्यावरचा घेर घ्यायचा, त्याचा चौथा हिस्सा काढायचा, त्याचा वर्ग करायचा आणि लांबीनं गुणायचं. घेर ४ फूट, लांबी १० फूट असेल तर १० घनफूट. याच ओंडक्यातलं खरं लाकूड मात्र पावणेतेरा घनफुटांच्या जवळ जातं. म्हणजे या रीतीत पाचव्या हिश्श्याहून जास्त लाकूड आधीच हिशेबाबाहेर राहतं. करवतीत वाया जाणाऱ्या भागापोटी ही सूट रूढ झाली आहे, त्याबद्दल भांडू नका. पण त्यावर कुणी पुन्हा "घट" म्हणून वेगळी वजावट मागू लागला, तर ती द्यायची नाही. कापल्यावर तोंडाकडून ओंडका पाहा. मधला तपकिरी गाभा किती आणि भोवतीचं पांढरं लाकूड किती, यावर भाव ठरतो. कोवळ्या सागात गाभा थोडाच असतो. अशी झाडं तोडण्यापेक्षा नव्या मालकाला उभी देण्यात फायदा आहे.

बाभूळ टनावर जाते, तेव्हा ती ओली असतानाच काट्यावर घाला. वाळली की वजन उतरतं. आणि बाभूळ म्हणजे निव्वळ जळण नव्हे. गाडीची चाकं, कुळव, जू यांना पिढ्यान् पिढ्या हेच लाकूड लागलं. उन्हाळ्यात रानात हिरवं काही उरत नाही, तेव्हा मेंढरं बाभळीच्या शेंगांवर निभावतात. काटेवाडीला तुकोबांच्या पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं, ते बघायला आपण गर्दी करतो. ती मेंढरं वर्षभर कशावर जगतात, तेही बघायला हवं. विहिरीवर झुकलेल्या बाभळीला सुगरणीचे खोपे लोंबत असतील, तर तेवढी एक बाभूळ राहू द्या. तिच्या लाकडाचे असे कितीसे पैसे येणार?

चिंचेची गोष्ट निराळी. जुन्या चिंचेचा बहर दरवर्षी झाडावरच विकला जातो. लाकूड एकदाच विकता येतं. विकत घेणाऱ्याला हे समजावून सांगितलं तर चिंच म्हणजे अडचण न राहता जमिनीची किंमत वाढवणारी गोष्ट होते. तीच गत आंब्याची.

बांधाच्या काटवनात पाखरांनी बी टाकून उगवलेलं चंदन असू शकतं. मालकाला कित्येकदा त्याचा पत्ताही नसतो आणि जळणाच्या ढिगातून ते गुपचूप निघून जातं. म्हणून काटवनाला कोयता लावण्याआधी झाडं ओळखणाऱ्या माणसाला बरोबर घेऊन एकदा आत शिरा.

आता कायदा. १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड (नियमन) अधिनियमाला झाडांची अनुसूची जोडलेली आहे. साग, आंबा, चिंच, जांभूळ, फणस, मोह, खैर, चंदन ही त्यातली आपल्या ओळखीची नावं. झाड तुमच्या मालकीच्या रानात असलं, तरी परवानगीशिवाय यांना कुऱ्हाड लावता येत नाही. बारामती किंवा इंदापूर नगरपरिषदेच्या हद्दीत असाल तर १९७५ चा शहरी भागाचा वेगळा वृक्ष कायदा लागतो. "परवानगीचं आम्ही बघतो," हे व्यापाऱ्याचं बोलणं ऐकून गप्प बसू नका. सातबारा तुमच्या नावावर आहे, विचारणा तुमच्याकडंच होणार. लाकूड हलवण्याच्या पासाचंही वनखात्याच्या कार्यालयात स्वतः जाऊन विचारा.

सातबाऱ्यावर झाडांची नोंद आहे का, तेही बघा. २०२१ पासून ई-पीक पाहणीत बांधावरची झाडं शेतकऱ्याला स्वतः मोबाइलवरून नोंदवता येतात. पाटस-बारामती-इंदापूर या पालखी मार्गासाठी जमिनी गेल्या, तेव्हा या नोंदींना केवढं महत्त्व असतं ते आपल्याकडं पुष्कळांना कळलं. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात झाडांचं मूल्य जाणकाराकडून वेगळं काढण्याची तरतूद आहे. सरकार जमीन घेताना झाडाची किंमत वेगळी धरतं, मग खाजगी सौद्यात आपणच ती शून्य का धरावी?

काही लिहिलंच नाही, तर १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार उभी झाडं जमिनीबरोबर घेणाऱ्याकडं जातात. म्हणून "झाडं आमची, नंतर तोडून नेऊ," असं तोंडी ठरवणं धोक्याचं. सर्वोच्च न्यायालयातला १९५८ चा शांताबाई विरुद्ध मुंबई राज्य हा खटला याच मुद्द्यावर फिरला. शांताबाईंना त्यांच्या जमीनदार पतीनं २६ हजार रुपयांच्या मोबदल्यात जंगलातलं लाकूड तोडून नेण्याचा हक्क १९४८ साली लिहून दिला होता. मुदत १९६० पर्यंतची होती. पुढं जमीनदारी गेली आणि सरकारनं तोड थांबवली. कागद नोंदणीकृत नव्हता, त्यामुळं बाईंचा अर्ज फेटाळला गेला. लवकरच तोडायचं असलेलं उभं लाकूड आणि मातीतून वर्षानुवर्षं पोसलं जाणारं झाड यांत कायदा फरक करतो, हे न्यायमूर्ती विवियन बोस यांनी त्या निकालात उलगडून सांगितलं. झाडांचा दीर्घ मुदतीचा हक्क राखायचा असेल, तर तो दुय्यम निबंधकासमोर नोंदवलेल्या कागदातच यायला हवा.

शेवटचा मुद्दा बहिणींचा. वडिलोपार्जित जमिनीत त्यांचा हिस्सा आहे, म्हणजे झाडांतही आहे. हे विसरून भाऊ व्यापाऱ्याशी परस्पर सौदा करतात आणि बहिणींना खरेदीखतावर सही करायला दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात आल्यावर कळतं, की विहिरीवरचा आंबा गेला. त्या सही करतात, पण पुन्हा माहेरी आल्या तरी त्या वाटेला जात नाहीत. झाडं मोजायला जाल तेव्हा बहिणींना बोलवा. वही त्यांच्या हाती द्या. कोणतं झाड कुणी लावलं हे त्यांना पाठ असतं, आणि लाकडाचे पैसे आले तर वाटण्या त्याच वहीवरून करता येतील.