दोन मिनिटांची फ्लाइट

मुंबईकराला अंतर विचारा, तो उत्तर वेळेत देतो. 'ठाणे ना? फास्ट मिळाली तर पाऊण तास!' किलोमीटरशी कुणाला घेणं-देणं? मला तर हाच हिशेब बरोबर वाटतो. पटत नसेल तर चला, थेट स्कॉटलंडच्या उत्तरेला, ऑर्कनी बेटांवर.

तिथे वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे ही दोन शेजारी बेटं. दोन्हींवर विमान उतरतं. मधलं अंतर फक्त २.७ किलोमीटर. आपल्या मुंबई विमानतळाचा मुख्य रनवे सुमारे ३.४ किलोमीटरचा आहे, म्हणजे हा अख्खा प्रवास आपल्या रनवेवरच मावेल! १९६७ पासून लोगनएअरचं छोटंसं विमान इथे ये-जा करतंय. टाइमटेबलमध्ये वेळ दोन मिनिटं. वारा पाठीशी असला तर त्याहून कमी, आणि रेकॉर्ड आहे ५३ सेकंदांचं. मॅगी शिजायच्या आत पोचलात, बॉस!

आता जरा मोठी उडी. हवाईतल्या होनोलुलूहून माउई बेटावरच्या काहुलुईला. अंतर साधारण १६० किलोमीटर. जेटचा स्पीड ताशी ८०० धरला तर बारा मिनिटांत खेळ खलास. पण तिकिटावर वेळ दिसते पाऊण तासाच्या आसपास. का? कारण विमान पार्किंगमधून हलल्यापासून दुसरीकडे जाऊन थांबेपर्यंतचा सगळा वेळ त्यात धरतात. टॅक्सिंग आलं, रनवेसाठी रांग आली. शिवाय एवढ्याशा अंतरात विमान धड वर जातंय तोवर उतरायची वेळ होते, फुल स्पीड गाठायला सवडच मिळत नाही. तेव्हा बेटांवरून बेटांवर फिरायचा प्लॅन असेल तर अंतर भागिले स्पीड हे गणित विसरा. तिकिटावरची वेळ बघा, वर चेक-इनचा वेळ धरा.

पुन्हा ऑर्कनीकडे येऊ. ५३ सेकंदांचा किस्सा पार्टीत सांगायला सॉलिड आहे. पण या फ्लाइटला सरकारी पैशाचा आधार लागतो, आणि तो दिला जातो. दोन मिनिटांसाठी? हो, कारण पापा वेस्ट्रेवर २०११ च्या जनगणनेत जेमतेम ९० माणसं होती. एवढ्या लोकांसाठी तिथे मोठं हॉस्पिटल होणार नाही. ते आहे किर्कवॉलला, दुसऱ्या बेटावर. पेशंट तिकडे जातात, शिक्षक आणि डॉक्टर इकडे येतात, ते याच छोट्या विमानांनी. बोट आहे, पण समुद्र खवळला की तिचा भरवसा नाही.

नुसता नफा-तोटा बघितला तर ही फ्लाइट कधीच बंद व्हायला हवी. पण ती बंद झाली तर २.७ किलोमीटरचं अंतर तेवढंच राहील आणि डॉक्टर मात्र एका दिवसावर जाईल. मग त्या बेटावर लहान मुलांना घेऊन कोण राहील, सांगा?