मांजर सुस्तावले की कंटाळले?

आरोग्याच्या सदरात मांजर कुठून आले, असे काही वाचक विचारतील. जनावरांचा डॉक्टर म्हणून माझे म्हणणे असे, की वाडे पडून इमारती उभ्या राहिल्या तशी आपल्याकडची मांजरेही तिसऱ्या मजल्यावर राहायला गेली आणि त्यांची दुखणी बदलली. पूर्वी दवाखान्यात मांजर यायचे ते कुत्र्याने फाडलेले, नाही तर गाडीखाली सापडलेले. आता येते ते लठ्ठ झालेले, पिसवा नसतानाही पोटावरचे केस चाटून उडवलेले, किंवा घरच्यांच्या पोटरीला चावणारे.

मांजर घरात ठेवू नये, असे मी म्हणत नाही. रस्त्यावरची वाहने, भटकी कुत्री आणि रेबीजचे भय पाहता ते घरातच बरे. पण दार लावताना आपण त्याचा उद्योगही बंद करतो. उंदरांवर जगणारे मांजर दिवसाकाठी दहा-वीस वेळा थोडे थोडे खाते आणि दर घासासाठी दबा धरते, झडप घालते. घरात मात्र वाटी काठोकाठ भरलेली असते. मग ‘आमचे मांजर फार शांत आहे’ असे कौतुकाने सांगितले जाते. मला त्या शांतपणाचीच काळजी वाटते.

ही काळजी उगाच नाही. अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठातील टोनी बफिंग्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. लघवीचे दुखणे वारंवार उलटणाऱ्या, घरातच राहणाऱ्या ४६ मांजरांच्या घरात आणि दिनक्रमात त्यांनी बदल करायला लावले. दहा महिन्यांत त्रास तर कमी झालाच, मांजरांचा भित्रेपणाही घटला.

बदल म्हणजे खर्च नव्हे. काठीला दोरी आणि तिच्या टोकाला चिंधी बांधा. मांजर पहाटे आणि तिन्हीसांजेला जास्त चपळ असते. त्या वेळी दहा-दहा मिनिटे ती चिंधी जमिनीवरून ओढा. तोंडासमोर नाचवू नका, उंदीर कधी तोंडासमोर येत नाही! ती दाराआड जाऊ द्या, थांबू द्या, पुन्हा सरकवा. शेवटी शिकार त्याच्या पंजात सापडलीच पाहिजे, आणि लगेच जेवण द्यावे. नुसता लाल प्रकाशाचा ठिपका भिंतीवर फिरवण्याचा खेळ मला पसंत नाही, कारण हाती काहीच लागत नाही. खेळ संपला की दोरी कपाटात ठेवा; गिळलेला दोरा आतडे कापतो. कोरडे खाद्य देत असाल तर वाटीऐवजी भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात टाका, पंजाने काढून खाऊ दे.

बसायला उंच जागा हवी. कपाटावर जुनी चादर अंथरली तरी भागते. सोफा ओरबाडतो म्हणून मार देण्यापेक्षा एखाद्या पक्क्या खांबाला काथ्याची दोरी घट्ट गुंडाळून द्यावी. खिडकीला जाळी लावून तिथे बसू दिले, की रस्ता आणि चिमण्या पाहण्यात त्याची दुपार जाते. कुंडीत मूठभर गहू पेरलेत तर तेही कुरतडेल. मात्र लिली घरात नको, तिने मांजराची मूत्रपिंडे निकामी होतात.

चावरे झाले म्हणून पोत्यात घालून बाजारात सोडून येण्याची आपल्याकडची रीत मला क्रूर वाटते. त्याआधी महिनाभर तरी हे करून पाहावे.

आणि बोका असेल तर एक गोष्ट घरातल्या सर्वांनी लक्षात ठेवावी. वाळूच्या घमेल्यात तो पुन्हा पुन्हा बसतो, कुंथतो, पण लघवी होत नाही, असे दिसले तर ती बद्धकोष्ठता समजून एरंडेल पाजू नका. मूत्रमार्ग तुंबला असेल तर एक-दोन दिवसांत जीव जातो. रात्र असली तरी डॉक्टरांना उठवा.