श्रेयांकांसोबत दाखलाही जाऊ द्या

‘ज्याला झेपत नाही त्यानं मुक्त विद्यापीठातून शिकावं.’ दीर्घ आजार असलेल्या विद्यार्थ्याचा विषय निघाला की हे वाक्य ऐकू येतं. बोलणारी माणसं वाईट नसतात, पण म्हणणं चुकीचं आहे. मुक्त विद्यापीठ ज्याला हवं त्याच्यासाठी आहे. प्रयोगशाळेत उभं राहून शिकायची इच्छा असलेल्या मुलीला आजारापायी तिकडे पाठवणं म्हणजे तिला वर्गाबाहेर काढणंच.

पेण तालुक्यातल्या जिते गावची एखादी मुलगी डोळ्यांसमोर आणा. घरात गणपतीच्या मूर्तींचं काम, आणि तिला लहानपणापासून टाइप वन मधुमेह. सकाळी इन्सुलिन टोचून, भाकरी खाऊन ती दिवा-रोहा गाडी पकडते. आता दुपारचं जेवण वेळेवर हवंच. प्रात्यक्षिक लांबलं, तास पुढे सरकला, की रक्तातली साखर उतरू लागते. 70च्या खाली गेली की हात थरथरतात, घाम फुटतो, समोरची अक्षरं हलतात. उपाय साधा आहे: तीन चमचे साखर पाण्यातून घ्यायची, पंधरा मिनिटं थांबायचं, बोटाला टोचून पुन्हा तपासायचं. आपल्या कॉलेजात हे सरांना माहीत असतं. दुसरा विषय समूहातल्या सहयोगी कॉलेजात घेतला की तिथे सगळं पहिल्यापासून सांगायचं, तेही बहुधा चारचौघांत.

समूह महाविद्यालयांची, म्हणजे काही कॉलेजांनी एकत्र येऊन एकमेकांच्या मुलांना विषय शिकवण्याची, कल्पना मला पटते. मुंबईत 2019 साली विज्ञान संस्था, एल्फिन्स्टन, सिडनहॅम आणि सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज एकत्र येऊन डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठ झालं. पण ती चारही दक्षिण मुंबईत, एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर. पेण, अलिबाग, रोहा अशी जोडणी केली, तर दोन तासिकांच्या मध्ये एसटीची वाट पाहणं येतं. निरोगी मुलाचा त्यात वेळ जातो, या मुलीचं जेवण चुकतं.

‘आजारी मुलांना सवलत दिली की खोट्या दाखल्यांचा पाऊस पडेल,’ असा दुसरा आक्षेप. ही भीती खरी आहे, म्हणून तर आजाराचा दाखला एकदाच, सरकारी रुग्णालयातून तपासून घ्यावा आणि तो सर्व सहयोगी कॉलेजांनी मानावा. दर कॉलेजात नवा कागद मागितला तरच खोट्या कागदाला वाव मिळतो.

‘कायद्यात बसत नाही’ हे तर अजिबात टिकत नाही. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकल सेल आहेत. टाइप वन मधुमेहाचं नाव नाही, हे खरं. पण 2021 साली विकास कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की, 40 टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र नाही एवढ्यावरून लेखनिक नाकारता येत नाही. यादीपेक्षा गरज मोठी, हा त्याचा अर्थ. आणि सीबीएसईनं 2017पासूनच मधुमेही मुलांना बोर्डाच्या परीक्षेत खाऊ न्यायला परवानगी दिली आहे.

हजेरीचंही तसंच. डॉक्टरांकडे गेलेला दिवस आणि दांडी मारलेला दिवस एकाच रकान्यात मोजणं ही समानता नव्हे.

2021पासून श्रेयांक बँकेमार्फत मुलांचे श्रेयांक या कॉलेजातून त्या कॉलेजात जातात. मुलीची संमती घेऊन त्याच नोंदीत तिचा दाखला आणि चार ओळी घाला: साखर जवळ बाळगू द्यावी, मध्ये खाऊ द्यावं, परीक्षेत तेवढी मिनिटं वाढवून द्यावीत, इन्सुलिन ठेवायला फ्रिजचा एक कप्पा मिळावा. पुढच्या सत्राचे प्रवेश सुरू होण्याआधी हे करता येईल.