महाराजाचे पोस्टर आणि आपल्या पेटीतील कागद

एअर इंडियाच्या 'महाराजा'ची जुनी पोस्टरे पाहून अनेकांचा ऊर भरून येतो. भरजरी पोशाख, मोठा फेटा, टोकदार मिशा आणि पाहुण्यापुढे झुकलेली मान! 1946 मध्ये बॉबी कूका यांनी हा महाराजा कल्पिला आणि चित्रकार उमेश राव यांनी तो रेखाटला. पुढे लंडन, पॅरिस, न्यूयॉर्कच्या जाहिरातींत तो मिरवला. 2022 मध्ये कंपनी टाटांकडे परत गेली. 2023 मध्ये नवे बोधचिन्ह आले आणि महाराजा उंची वर्गाच्या प्रवाशांपुरता उरला. म्हणून हळहळ सुरू आहे. कंपनीने जमवलेली चित्रे मात्र सरकारने वाऱ्यावर सोडली नाहीत. ती राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाकडे गेली.

चित्रे जपली गेली, हे चांगलेच झाले. कलेशी आमचे वैर नाही. पण हा महाराजा झुकत होता कोणापुढे? ज्याच्या खिशात विमानाचे तिकीट होते त्याच्यापुढे! 8 जून 1948 रोजी एअर इंडियाचे पहिले विमान मुंबईहून लंडनला निघाले, तेव्हा आपला बार्शीचा माणूस बार्शी लाइटच्या अडीच फुटी रुळांवरून कुर्डुवाडी गाठत होता. 1897 मध्ये सुरू झालेली ती छोटी गाडीही आता उरली नाही. 2008 पर्यंत या मार्गावर ब्रॉडगेज आली. गैरसोय गेली, त्याचे दुःख नाही. पण त्या गाडीने प्रवास करणाऱ्या कष्टकऱ्यांच्या आठवणी कोणी जपल्या?

जाहिरात ही साधी गोष्ट नाही. आज जी छापली जाते, तीच उद्या 'सोनेरी काळ' म्हणून भिंतीवर लागते. मग ज्यांची जाहिरात छापलीच गेली नाही त्यांचे काय? 31 जानेवारी 1920 रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' सुरू केला. त्याची जाहिरात पैसे देऊनही छापण्यास 'केसरी'ने नकार दिला होता. अशा वेळी आपल्या माणसांनी आपला कागद स्वतः छापला, स्वतः वाटला.

तो कागद आज कुठे आहे? बार्शीहून लातूरकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर कसबे तडवळे आहे. 22 आणि 23 फेब्रुवारी 1941 रोजी तेथे महार-मांग वतनदार परिषद झाली. खुद्द बाबासाहेब आले होते. परिषद म्हटली की हस्तपत्रक आले, वर्गणीची पावती आली, स्वयंसेवकांची यादी आली. आंबेडकरी जलशांच्या जाहिराती, 'जनता'चे अंक, 1956 च्या धर्मांतरानंतर बौद्ध पद्धतीने झालेल्या लग्नांच्या पत्रिका, हीसुद्धा त्याच काळातील छपाई आहे. तिच्यात रंगांची उधळण नसेल, पण माणूस म्हणून उभे राहण्याची घोषणा आहे. महाराजाच्या पोस्टरला लिलावात गिऱ्हाईक मिळते. आपली पत्रिका मात्र घर बदलताना, माळा साफ करताना किलोच्या भावाने रद्दीत जाते.

यात दोष केवळ प्रस्थापितांचा नाही. त्यांनी त्यांचे जपले, आपण आपले का जपू नये? जयंतीच्या डिजिटल फलकांवर आपण हजारो रुपये उधळतो. दुसऱ्या दिवशी तो फलक छपरावर ताडपत्री म्हणून जातो. त्यातील थोडा पैसा आजोबांच्या पेटीतील कागदांसाठी खर्च करता येणार नाही काय?

बार्शी शहरातील आणि तालुक्यातील समाजबांधवांनी, शिक्षकांनी, महाविद्यालयीन तरुणांनी एवढे करावे. घरातील जुने कागद बाहेर काढा. मागे पेन्सिलीने साल, गाव, छापखाना लिहा. मोबाईलवर नीट छायाचित्र घ्या. मूळ कागद बुद्धविहारात किंवा वाचनालयात सुरक्षित कपाटात ठेवा आणि त्याची नोंदवही करा. ज्यांना हे कागद वाचून त्यांची हकीकत सांगता येईल ती पिढी आता ऐंशीच्या पुढे गेली आहे. येत्या 14 एप्रिलला एका तरी विहारात या कागदांचे प्रदर्शन लागावे. महाराजाची काळजी घ्यायला संग्रहालये समर्थ आहेत. आपल्या कागदाची काळजी आपल्यालाच घ्यावी लागेल!