गोंगाटाला गुण

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलचा व्हिडिओ गेम 2013 नंतर बंद पडला होता. कारण खेळाडूंची छबी फुकटात वापरण्याचं प्रकरण कोर्टात गेलं होतं. 2024च्या जुलैत ‘ईए स्पोर्ट्स कॉलेज फुटबॉल 25’ आला, तो संमती देणाऱ्या प्रत्येक खेळाडूला 600 डॉलर आणि गेमची प्रत देऊन. थाटमाट झकास आहे. बँड वाजतात, क्लेमसन विद्यापीठाची पोरं प्रथेप्रमाणे दगडाला हात लावून टेकडीवरून धावत उतरतात. पण मी गुण देईन ते प्रेक्षकांच्या गोंगाटाला. परक्या मैदानावर नवखा क्वार्टरबॅक (चढाई चालवणारा खेळाडू) उभा केला की पडदा थरथरतो आणि सहकारी कुठे धावणार हे दाखवणाऱ्या रेषा वेड्यावाकड्या होतात. खऱ्या मैदानावर रेषा नसतातच म्हणा. तरी विशीतल्या पोराची भंबेरी याहून खरी कशी दाखवणार? समालोचन मात्र थोड्याच सामन्यांत ओळखीचं होऊन जातं. आणि एक गंमत: 600 डॉलरवाले खेळाडू हजर, पण वर्षाला लाखो डॉलर घेणारे खरे प्रशिक्षक मात्र गायब! ते अवतरले पुढच्या वर्षीच्या आवृत्तीत.