गावचा दगड वाचलात का?

पहिलं महायुद्ध म्हटलं की आपल्याला फ्रान्सचे खंदक आठवतात, तेही पिक्चरमधले. अहो, आपल्या पलटणींचं काय? आजच्या इराकमधल्या कुत-अल-अमारा इथे १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी तुर्कांच्या वेढ्यात अडकल्या. जवळजवळ पाच महिने खंदकात, उपाशी, आजारी. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती, पुढे कैद.

इंग्रजांनी नंतर गावोगावी दगड बसवले: या गावातून इतके गेले, इतके मेले. नुसता आकडा, नाव नाही!

पण इंग्रजांचं सोडा. शंभर वर्षांत आपण तरी नावं कुठे लिहिली? वरळी-लालबागच्या चाळींतले सातारकर, रत्नागिरीकर, यंदा गणपतीला गावी गेलात की तो दगड शोधा. म्हाताऱ्यांना विचारा, नावं वहीत उतरवा. ती माणसं गेली की आकडाच उरेल.