पोपटाच्या घरातला तवा

नॉनस्टिक तवा गॅसवर रिकामा तापत राहिला, तर घरातल्या माणसांना बहुधा पत्ताही लागत नाही. त्याच घरातला पिंजऱ्यातला पक्षी मात्र अर्ध्या तासात दगावू शकतो. हे अतिरंजित वाटेल. पण पशुवैद्यक शास्त्रात त्याची नोंद पन्नास वर्षे जुनी आहे. १९७५ साली ‘व्हेटर्नरी रेकॉर्ड’ या ब्रिटिश नियतकालिकात एका घरातली घटना प्रसिद्ध झाली. नॉनस्टिकचा लेप असलेला फ्राइंग पॅन चुकून जास्त तापला आणि घरातले पाच कॉकटेल पक्षी तीस मिनिटांच्या आत मेले. तासाभरात पक्ष्यांच्या मालकालाही तापासारखी लक्षणे दिसू लागली. सुमारे चोवीस तासांनी मालक बरा झाला. पक्ष्यांना ती संधी मिळाली नाही.

ही माहिती आज पुण्यातल्या कर्वेनगरमधल्या घराघरांत पोहोचायला हवी. हिंगण्याच्या माळावर महर्षी कर्व्यांनी संस्था उभारली, तेव्हा हा भाग शहराबाहेर होता. आता वारजे ते कोथरूड सलग इमारती आहेत आणि वन बीएचके, टू बीएचके फ्लॅटमध्ये हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यात अनेकदा दारही नसते. बजरीगर, कॉकटेल, आफ्रिकन लव्हबर्ड असे छोटे पोपट अशाच घरांत पाळले जातात, कारण त्यांना जागा कमी लागते. पिंजरा टांगायला सोयीची जागा म्हणजे हॉलचा कोपरा, नाहीतर ड्राय बाल्कनी. आणि ड्राय बाल्कनी स्वयंपाकघराला खेटूनच असते. ओट्यावरून उठलेली वाफ आणि धूर पिंजऱ्यापर्यंत पोहोचायला काही सेकंद पुरतात. ‘पक्षी दुसऱ्या खोलीत ठेवा’ हा परदेशी पुस्तकांतला सल्ला अशा घरात फारसा कामाला येत नाही.

माणसाला जे सोसते ते पक्ष्याला का सोसत नाही, याचे उत्तर त्याच्या श्वसनसंस्थेत आहे. माणसाच्या फुफ्फुसात हवा ज्या वाटेने आत जाते, त्याच वाटेने बाहेर येते. पक्ष्याच्या शरीरात फुफ्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशव्या असतात. त्यांच्यामुळे श्वास घेताना आणि सोडताना, दोन्ही वेळा फुफ्फुसातून ताजी हवा एकाच दिशेने वाहत राहते. उडण्यासाठी लागणारा भरपूर प्राणवायू या रचनेमुळे मिळतो. पण हवेत विष असेल, तर तेही तितक्याच कार्यक्षमतेने रक्तात उतरते. ब्रिटनच्या कोळसा खाणींत विषारी वायूची सूचना मिळावी म्हणून कॅनरी पक्षी नेत असत. ती पद्धत थेट १९८६ पर्यंत चालू होती. बजरीगरचे वजन जेमतेम तीस-चाळीस ग्रॅम. त्याला मारायला किती थोडा वायू पुरत असेल, याचा अंदाज यावरून येईल.

नॉनस्टिकच्या लेपाचे रासायनिक नाव पॉलिटेट्राफ्लुरोइथिलीन, थोडक्यात पीटीएफई. टेफ्लॉन हे त्याचे सर्वांत परिचित व्यापारी नाव. अमेरिकेतल्या ड्युपाँ कंपनीचे रसायनशास्त्रज्ञ रॉय प्लंकेट यांना हा पदार्थ १९३८ मध्ये योगायोगाने सापडला. साधारण २६० अंश सेल्सिअसपर्यंत तो स्थिर राहतो. त्यापुढे तो हळूहळू विघटित होऊ लागतो आणि तापमान तीनशेच्या वर गेले की विषारी वायू व अतिसूक्ष्म कण वेगाने बाहेर पडतात. त्यांनी पक्ष्याच्या फुफ्फुसात रक्तस्राव होतो, पाणी साठते आणि पक्षी गुदमरतो. या वायूला दरवेळी वास येतोच असे नाही. म्हणून ‘करपल्याचा वास आला की गॅस बंद करू’ या भरवशावर राहता येत नाही.

एवढे तापमान रोजच्या स्वयंपाकात येते का? भाजी शिजत असताना येत नाही, कारण पाणी शंभर अंशांवर उकळते आणि भांड्याला थोपवून धरते. रिकाम्या तव्याची गोष्ट वेगळी. अमेरिकेतल्या ‘एन्व्हायर्नमेंटल वर्किंग ग्रुप’ या संस्थेने २००३ मध्ये केलेल्या चाचणीत मोठ्या आचेवरचे रिकामे नॉनस्टिक पॅन तीन ते पाच मिनिटांत ३८० अंशांच्या पुढे गेले. भारतातही हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने तयार केलेल्या आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मे २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहार मार्गदर्शक सूचनांत याचा उल्लेख आहे. १७० अंशांच्या वर तापवलेली नॉनस्टिक भांडी धोक्याची ठरू शकतात आणि रिकामे भांडे आचेवर राहिले तर ते लवकर त्या पातळीला पोहोचते, असे त्या सूचना सांगतात. तो इशारा माणसांसाठी आहे. पक्ष्यांसाठी तो किती पटींनी कडक असायला हवा, हे वेगळे सांगायला नको.

यावर एक युक्तिवाद नेहमी केला जातो: मध्यम आचेवर, भांडे रिकामे न ठेवता वापरले तर नॉनस्टिक सुरक्षित आहे. रसायनशास्त्राच्या दृष्टीने तो चुकीचा नाही. नॉनस्टिक तवा आणि पोपट वर्षानुवर्षे एकत्र नांदलेली घरे आहेत. पण हा युक्तिवाद स्वयंपाकघर कसे चालते ते विसरतो. तवा गॅसवर ठेवला आणि दाराची बेल वाजली. कुरिअरवाला ओटीपी मागत होता. तेवढ्यात मुलाची स्कूलव्हॅन आली. डोशाचा तवा ‘चांगला तापू दे’ म्हणून मोठ्या आचेवर ठेवायची सवय तर घरोघरी आहे. इंडक्शनवर चहा-मॅगी करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या फ्लॅटमध्ये भांडे त्याहून लवकर तापते. दहा वर्षे काळजी घेतली आणि एक दिवस पाच मिनिटांचा विसर पडला, तर त्या दहा वर्षांचा पक्ष्याला काही उपयोग नाही. म्हणून ज्या घरात पक्षी आहे, तिथे विसरले तरी जीव घेणार नाही असेच भांडे असावे. काळजीपूर्वक वापरायचे नॉनस्टिक हा तिथे पर्याय होऊ शकत नाही.

खरेदीला गेल्यावर पहिली अडचण येते ती खोक्यावरच्या मजकुराची. ‘पीएफओए-फ्री’ असे ठळक अक्षरांत लिहिलेले असते आणि गिऱ्हाइकाला वाटते की विष गेले. पीएफओए हे लेप तयार करताना पूर्वी वापरले जाणारे रसायन. आरोग्यावरच्या दुष्परिणामांमुळे त्याला स्टॉकहोम कराराच्या यादीत २०१९ मध्ये टाकण्यात आले. ते काढून टाकले, हे चांगलेच झाले. पण ते काढून केलेला लेपही पीटीएफईचाच असतो आणि तापला की पक्ष्याला तितकाच घातक ठरतो. ‘ग्रॅनाइट’, ‘मार्बल’, ‘स्टोन’ या नावांनी विकल्या जाणाऱ्या अनेक भांड्यांतही दगडासारखे दिसणारे ठिपके असतात, लेप मात्र पीटीएफईचाच असतो. ‘हार्ड ॲनोडाइज्ड’ हे ॲल्युमिनियमवरच्या प्रक्रियेचे नाव. तशा भांड्याच्या आतल्या बाजूला नॉनस्टिक लेप असू शकतो किंवा नसूही शकतो. सिरॅमिक लेपाची भांडी सहसा पीटीएफईविना बनतात, पण ‘सहसा’ या शब्दावर पक्ष्याचा जीव सोपवू नये. ‘पीटीएफई नाही, कोणतेही पीएफएएस नाही’ असे कंपनीने स्वतः लिहून दिले असेल, तरच ते भांडे घरात आणावे. (पीएफएएस म्हणजे पीटीएफई आणि पीएफओए ज्यात मोडतात तो रसायनांचा गट.)

खरे तर पुणेकरांना पर्याय शोधायला लांब जावे लागत नाही. बिडाचा तवा तुळशीबागेत मिळतो, रविवार पेठेतल्या बोहरी आळीत मिळतो आणि आता कर्वेनगरच्या भांड्यांच्या दुकानांतही ठेवतात. घावन, आंबोळी, धिरडे, थालीपीठ हे पदार्थ नॉनस्टिक यायच्या कितीतरी आधीपासून बिडावर आणि लोखंडावर होत आले आहेत. अर्धा कांदा तेलात बुडवून तव्यावर फिरवायची जुनी रीत आजही चालते आणि नीट मुरलेल्या बिडावरून घावन अलगद सुटते. पोळीसाठी साधा लोखंडी तवा, भाजीसाठी जाड बुडाची किंवा ट्राय-प्लाय स्टीलची कढई, वरण-आमटीसाठी स्टीलचे पातेले आणि कुकर एवढे असले की रोजचा स्वयंपाक निघतो. स्टीलच्या कढईला भाजी चिकटते ही तक्रार रास्त आहे. पण कढई आधी मध्यम तापवून मग तेल घातले आणि कांदा-बटाटा टाकल्यावर लगेच ढवळायची घाई केली नाही, तर चिकटणे बरेच कमी होते. मातीची भांडीही चांगली.

कल्हई केलेल्या पितळी-तांब्याच्या भांड्यांची आवड आता परत आली आहे आणि कसब्यातल्या तांबट आळीत अजून हातोड्याचे काम चालते, ही आनंदाची गोष्ट आहे. त्यांच्याबाबत दोन पथ्ये पाळावीत. कल्हईचे कथील २३२ अंशांना वितळते, त्यामुळे ते भांडेही रिकामे तापवू नये. आणि कल्हई शुद्ध कथलाची आहे, त्यात शिसे मिसळलेले नाही, याची खात्री करून घ्यावी. शिसे आणि जस्त पोपटांना विषारी असतात. पोपट चोचीने सगळे कुरतडतो, म्हणून जस्ताचा मुलामा दिलेली जाळी आणि वाट्याही पिंजऱ्यात नकोत, स्टीलच्या बऱ्या.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगायला हवी. नॉनस्टिक काढले म्हणजे हवा आपोआप शुद्ध होत नाही. कोणत्याही भांड्यात करपलेल्या तेलाचा धूर पक्ष्याला त्रासदायक असतो. नवा बिडाचा तवा मुरवताना तर मुद्दाम तेलाचा धूर काढावा लागतो. ते काम पक्षी दुसऱ्यांच्या घरी ठेवून, नाहीतर इमारतीच्या गच्चीवर करावे. मिरचीच्या फोडणीच्या ठसक्याने माणसे खोकत असतील, तर पिंजऱ्यातल्या जिवाचे काय होत असेल, याचा विचार करून एक्झॉस्ट लावावा आणि खिडकी उघडावी. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत घरे बंद असतात, तेव्हा हे अधिक पाळावे लागते.

पीटीएफई फक्त तव्यात नसते. सँडविच मेकर, आप्पेपात्र, एअर फ्रायरची टोपली, रोटी मेकर, इस्त्रीचा तळ अशा अनेक तापणाऱ्या वस्तूंवर तो लेप असू शकतो. पक्ष्यांना ऊब देण्यासाठी लावायच्या काही बल्बांवरही तो असतो. अमेरिकेत ब्रॉयलर कोंबडीच्या पिल्लांच्या एका खोलीत असे बल्ब लावल्यावर निम्म्याहून अधिक पिल्ले तीन दिवसांत मेल्याची नोंद २००० साली प्रसिद्ध झाली. जी वस्तू उबेसाठी आणली, तिनेच पिल्ले मारली.

दुर्घटना घडलीच, तर वेळ फार थोडा असतो. पक्षी चोच उघडून श्वास घेतो, शेपटी प्रत्येक श्वासागणिक वर-खाली होते, तोल जाऊन तो दांडीवरून खाली पडतो. अशा वेळी आधी पिंजरा मोकळ्या हवेत न्यावा, मग गॅस बंद करून खिडक्या उघडाव्यात आणि लगेच पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडे निघावे. या विषावर उतारा नाही. प्राणवायू आणि आधाराचे उपचार एवढेच हाती असते. असा डॉक्टर जवळपास कुठे आहे आणि त्याची वेळ काय, हे पक्षी आणतानाच विचारून ठेवावे.

इथे कायद्याचाही एक मुद्दा आहे. ज्याला आपण राघू किंवा मिठू म्हणतो, तो देशी हिरवा पोपट घरात पाळणे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. त्याच्यासाठी सुरक्षित तवा निवडण्याचा प्रश्नच येत नाही. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवून तो सोपवणे हाच योग्य मार्ग. पाळायला परवानगी असलेल्या विदेशी पक्ष्यांपैकी आफ्रिकन ग्रेसारख्या प्रजातींची नोंदणी २०२४ च्या नियमांनुसार ‘परिवेश’ पोर्टलवर करावी लागते.

मात्र सगळा भार पक्षी पाळणाऱ्यांवर टाकून चालणार नाही. भांड्याच्या खोक्यावर किंमत, वजन, उत्पादकाचा पत्ता छापलेला असतो. आतला लेप कशाचा, हे मात्र गिऱ्हाइकाला ओळखावे लागते. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२४ पासून लेपात मुद्दाम घातलेली पीएफएएस रसायने भांड्याच्या लेबलवर जाहीर करणे बंधनकारक आहे. मिनेसोटा राज्याने तर १ जानेवारी २०२५ पासून अशा भांड्यांची विक्रीच बंद केली. आपल्याकडे बंदीची चर्चा होईल तेव्हा होईल. निदान लेपाचे नाव, कमाल सुरक्षित तापमान आणि ‘पाळीव पक्षी असलेल्या घरात वापरू नये’ एवढ्या तीन ओळी मराठीत छापणे कोणत्याही कंपनीला अवघड नाही. ग्राहक पंचायतींनी ही मागणी लावून धरावी, पक्षी विकणाऱ्या दुकानदारांनी पिंजऱ्याबरोबर ही सूचना द्यावी आणि कर्वेनगरच्या सोसायट्यांनी ती आपल्या सूचनाफलकावर लावावी. ज्यांच्या घरी पक्षी आहे त्यांनी या आठवड्यातच ओट्याखालचे कपाट उघडून नॉनस्टिकची भांडी बाजूला काढावीत आणि नवे भांडे घेताना दुकानदाराला एकच प्रश्न विचारावा: यात पीटीएफई आहे का? उत्तर लेखी मिळाले नाही, तर ते भांडे घेऊ नये.